प्रवाह कुणाचा, उजेड कुणाचा?

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. खाडी पाहायची तर घाट उतरून कोकणात जावे लागते. अशा जिल्ह्यातल्या वाचकांपुढे समुद्राच्या भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज तयार करण्याच्या नव्या तंत्राचा विषय आम्ही का मांडत आहोत, असे कुणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. याचे कारण असे की हे तंत्र आता समुद्रात थांबलेले नाही. ते नदीत आणि पाटाच्या पाण्यात उतरू लागले आहे, आणि पाट म्हटले की आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. प्रवरेचे पाट, मुळेचे पाट, आता निळवंड्याचे पाट. या पाटांच्या पाण्यावर कुणाच्या पिढ्या मोठ्या झाल्या आणि त्याच पाटांच्या कडेला कुणाच्या पिढ्या अंधारात गेल्या, हे नगरच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

आधी तंत्र समजून घेऊ. भरतीच्या पाण्यापासून वीज ही कल्पना जुनी आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ साली २४० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. दक्षिण कोरियात सिहवा येथे २०११ साली २५४ मेगावॉटचा झाला. या दोन्ही ठिकाणी भिंत घातलेली आहे, म्हणजे ते एक प्रकारचे धरणच. भरतीचे पाणी अडवायचे आणि उंचीच्या फरकावर टर्बाइन फिरवायचे. नव्या तंत्रात भिंत नाही. पवनचक्की पाण्याखाली उभी करावी तसे हे यंत्र समुद्राच्या तळावर बसवतात किंवा तराफ्याला बांधून तरंगते ठेवतात. भरतीचा ओघ आला की पाती फिरतात, ओहोटीला पुन्हा फिरतात. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला पेंटलंडच्या सामुद्रधुनीत प्रत्येकी दीड मेगावॉटची चार यंत्रे अशीच बसवलेली आहेत. त्यांतले एक सहा वर्षांहून अधिक काळ दुरुस्तीसाठी वर न काढता चालले, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. खाऱ्या पाण्यात लोखंडाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही गोष्ट किती मोठी आहे ते कळेल. जवळच ऑर्कनी बेटांपाशी दोन मेगावॉटचे तरंगते यंत्र २०२१ पासून वीज देते आहे. वारा पडतो, सूर्य ढगाआड जातो. पण भरती कधी येणार हे चंद्रावर ठरलेले असते आणि त्याचे गणित कित्येक वर्षे आधी मांडता येते. या तंत्राचे खरे मोल इथे आहे.

आपल्या देशात या वाटेवर घोषणा झाल्या, वीज आली नाही. बंगालमध्ये सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॉटचा प्रकल्प ठरला. त्याचा अंदाजित खर्च सुमारे २३८ कोटींवर गेला आणि तो गुंडाळला गेला. गुजरातने २०११ मध्ये कच्छच्या आखातात ५० मेगावॉटची घोषणा केली, तीही कागदावर राहिली. समुद्राचे असे झाले. मग डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 'सरफेस हायड्रोकायनेटिक टर्बाइन' या तंत्राला मान्यता दिल्याचे जाहीर केले. नाव जड आहे, तत्त्व तेच. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ यंत्र बसवायचे आणि उंचीचा फरक नसतानाही नुसत्या वाहत्या ओघातून वीज काढायची. कालवे, वीजघरातून बाहेर पडणारे पाणी, नद्या अशी सगळी ठिकाणे यात आली. युनिटला दोन-तीन रुपये पडतील असे सांगितले गेले.

आम्ही कायद्याचे माणूस आहोत, यंत्राचे नव्हे. पण साधे गणित कोणत्याही मॅट्रिक झालेल्या पोराला करता येते आणि ते केल्याशिवाय कुठल्याही जाहिरातीला टाळी वाजवू नये असे आमचे मत आहे. वाहत्या पाण्याची ताकद त्याच्या वेगाच्या घनावर ठरते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याच्या एका चौरस मीटर तोंडात ५०० वॉट ताकद असते. वेग दोन मीटर झाला की ४,००० वॉट. तीन मीटर झाला की १३,५०० वॉट. यातली सगळी ताकद यंत्राच्या हाती लागत नाही. साधारण एक तृतीयांश मिळाली तर चांगली म्हणायची. आता आपला पाट घ्या. मातीच्या पाटात पाणी फार जोरात सोडता येत नाही, कडा ढासळतात. वेग सेकंदाला एक मीटरच्या आतबाहेर. तिथे दहा चौरस मीटर तोंडाचे यंत्र बसवले तर हाती पावणेदोन किलोवॉट येईल. म्हणजे शेतकऱ्याची पाच हॉर्सपॉवरची मोटारही त्यावर चालणार नाही!

शिवाय आपला पाट बारमाही नाही. आवर्तन सुटले की पाणी, आवर्तन संपले की कोरडा पाट. त्यात जलपर्णी, गाळ, प्लॅस्टिक, कधी मेलेले जनावर. यंत्र पाण्याला अडथळा करते, मागे पाण्याची पातळी किंचित चढते, पुढे ओघ मंदावतो. ज्या जिल्ह्यात टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही म्हणून दर आवर्तनाला भांडणे होतात, तिथे पाटात ओळीने यंत्रे बसवली तर टेलचा माणूस गप्प बसेल काय? तेव्हा हे तंत्र जिल्ह्याचा अंधार दूर करील असे जो सांगेल त्याच्यापासून सावध राहावे. मात्र ते निरुपयोगी आहे असेही आम्ही म्हणत नाही. धरणाच्या पायथ्याशी, वीजघराच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात, सिमेंटच्या अस्तराच्या अरुंद भागात वेग जास्त असतो. तिथे दहा-वीस किलोवॉट निघू शकतात. साखर कारखान्याला ती वीज म्हणजे चिमूटभर मीठ. पण शंभर घरांच्या वस्तीला दिवा, पंखा आणि पोरांच्या अभ्यासाला पंधरा किलोवॉट पुरतात. आमच्या लेखी हा हिशेब मोठा आहे, आणि आम्हांला जे म्हणायचे आहे ते इथूनच सुरू होते.

जिल्ह्याला पाण्यावरची वीज नवीन नाही. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. प्रवरेचे पाट वाहू लागले, खाली ऊस उभा राहिला आणि १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. पुढे त्याच पाण्यावर वीजघरेही झाली. रंधा धबधबा पाहायला जाणाऱ्या पर्यटकाला तो पूर्वी कसा कोसळत असे हे आता जुन्या माणसांकडून ऐकावे लागते, कारण पाणी कधी सोडायचे हे ऋतू ठरवीत नाही, वीज आणि आवर्तन ठरवते.

आणि ज्यांना वाटते की नगरला भरती-ओहोटी नाही, त्यांनी अकोले तालुक्यात घाटघरला जाऊन यावे. तिथे रोज भरती येते आणि रोज ओहोटी होते, फक्त ती चंद्रामुळे होत नाही. विजेची मागणी वाढते तेव्हा वरच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या पोटातून चारशे मीटर खाली, ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याच्या बाजूला सोडतात आणि २५० मेगावॉट वीज काढतात. मागणी उतरली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. चढवायला लागणारी वीज ही मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्तच असते, पण ती मागणी नसलेल्या वेळची म्हणून स्वस्त. २००८ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला, त्याला जपानी कर्ज होते. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे देशात पहिल्यांदा इथे झाली. अभियंत्यांना अभिमान वाटावा असेच हे काम आहे आणि आम्हांलाही तो वाटतो. पण घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात महादेव कोळी, ठाकर समाजाच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात, हेही आम्ही पाहिले आहे. पाणी विजेसाठी चारशे मीटर वर चढते, बाईच्या हंड्यासाठी चाळीस मीटर चढत नाही. यंत्राचा यात दोष नाही. पाणी कुणासाठी चढवायचे हे ठरवणारे लोक कोण होते, एवढाच प्रश्न आहे. आता पंप्ड स्टोरेजची नवी लाट आली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरवटा आणि रायगडमधील भिवपुरी येथील मिळून २,८०० मेगावॉटचा करार राज्य सरकारने एका मोठ्या वीज कंपनीशी केला. सह्याद्रीच्या कड्यावरचे प्रत्येक गाव उद्या नकाशावर शोधले जाणार आहे.

दुसरा धडा खालच्या मुलखातला आहे. वीज लोकांच्या हाती द्या, सहकारी संस्था काढा, असा उपाय कुणीही सुचवील. नगर जिल्ह्याने तो करून पाहिला आहे. देशात १९६९ च्या सुमारास प्रयोग म्हणून ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत आमची मुळा-प्रवरा होती. श्रीरामपूर, राहुरी परिसरातल्या १८३ गावांना ती वीज पुरवीत असे. चार दशके चालली. मग वीज कंपनीची थकबाकी दोन हजार कोटींच्या वर गेली आणि ३१ जानेवारी २०११ रोजी परवान्याची मुदत संपल्यावर महावितरणने ताबा घेतला. थकबाकी कशी साचली यावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, वादही झाले, आम्ही ते उगाळत नाही. आम्हांला वेगळेच विचारायचे आहे. सहकारी संस्थेत सभासद कोण होता? ज्याच्या नावावर मोटार, ज्याच्या नावावर मीटर. ज्याच्या नावावर सात-बाराच नाही, ज्याची झोपडी पाटबंधारे खात्याच्या जागेत पाटाच्या कडेला, तो या लोकशाहीत कुठे होता? सहकार ही उत्तम गोष्ट आहे. पण जमीन हीच जिथे सभासदत्वाची अट, तिथे भूमिहीनाच्या वाट्याला फक्त विजेचे खांब पुरण्याची मजुरी येते.

काही वर्षांपूर्वी असाच एक म्हातारा पाटकडेच्या वस्तीवरून आमच्याकडे आला होता. "जय भीम वकीलसाहेब," म्हणून बसला आणि म्हणाला, "तार आमच्या छपरावरून जाते साहेब. वादळ आलं की ठिणग्या आमच्या अंगणात पडतात. पण मीटर मागितला की म्हणतात जागेचा उतारा आणा." नात दहावीला होती, चिमणीवर अभ्यास करीत होती. आम्ही वीज अधिनियम, २००३ चे कलम ४३ दाखवून अर्ज लिहून दिला. मालकाने किंवा ताबेदाराने अर्ज केल्यापासून एक महिन्यात वीज द्यावी असे कायदा म्हणतो. ताबेदार हा शब्द कायद्यातच आहे. तरी कार्यालयात सहा महिने चकरा झाल्या आणि जोडणी आली तेव्हा पोरीची परीक्षा होऊन गेली होती. पुढे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सुविधा आहे आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही म्हणून ती नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. तो भाडेकरूचा खटला होता, पाटकडेच्या माणसाचा नव्हे. पण त्यामागचे तत्त्व वस्त्यांवरच्या आमच्या कार्यकर्त्यांनी अर्जात जरूर मांडावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज ही खाती त्यांच्याकडे होती, हे आपल्यातल्याही पुष्कळांना ठाऊक नसते. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज कशासाठी हवी हे मांडले. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही, आणि औद्योगिकीकरण हवे ते लोकांना दारिद्र्याच्या फेऱ्यातून सोडवण्यासाठी, असा तो युक्तिवाद होता. विजेची मालकी खासगी असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच समितीपुढे ठेवला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग या संस्था त्याच काळात निघाल्या आणि दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्यात आकाराला आली. दामोदर खोऱ्यात पुढे विस्थापित आदिवासींच्या वाट्याला जे आले ते काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण योजना कागदावर असताना मांडलेला हेतू आणि नंतरच्या अधिकाऱ्यांनी केलेला कारभार यांत आपण फरक केला पाहिजे.

आणखी एक गोष्ट वकील म्हणून आम्हांला आठवते. महाडच्या चवदार तळ्याचा लढा २० मार्च १९२७ रोजी एका दिवसात संपला नाही. तो दिवाणी न्यायालयांतून दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाली निघाला. तळ्यातून अस्पृश्यांना वगळण्याची प्राचीन रूढी आहे, असे वादींना सिद्ध करता आले नाही. सार्वजनिक पाण्यावर कुणाला वगळण्याचा हक्क सांगायचा असेल तर तो सांगणाऱ्याने सिद्ध केला पाहिजे, हा त्या निकालाचा आम्ही घेतलेला अर्थ. पाटातला ओघही सार्वजनिक आहे. निळवंड्याला १९७० मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च आठ कोटींच्या आत होता. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी डाव्या कालव्याचे उद्घाटन झाले तेव्हा तो पाच हजार कोटींवर गेलेला होता. हे पैसे ज्या करातून आले तो कर ऊस-बागायतदाराने भरला तसा पाटकडेच्या म्हाताऱ्यानेही काडेपेटी घेताना भरला.

आज पाटाचे पाणी जमिनीच्या हिशेबाने वाटले जाते. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन या २००५ च्या कायद्याखालच्या पाणी वापर संस्थेत लाभक्षेत्रातला जमीनधारक सभासद असतो. पिकाला पाणी द्यायचे तर जमीन मोजावी लागते, हे एक वेळ आम्ही समजू शकतो, जरी पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी पाणी वाटून आणि भूमिहीनालाही हिस्सा देऊन दाखवला, तरीही. पण पाटातल्या ओघाच्या विजेला जमीन मोजण्याचे कारणच काय? दिवा एकराने लागत नाही, घराने लागतो. पाण्याचा थेंबही कमी न होता जी नवी संपत्ती पाटातून निघणार आहे, तिच्यावर पहिला हक्क जमीन नसलेल्याचा असला पाहिजे, आणि तो कंपनीशी करार होण्यापूर्वी कागदावर लिहिला गेला पाहिजे. यंत्र बसल्यावर ग्रामसभेने मागायचे आणि कंपनीने धर्मादाय म्हणून शाळेला दोन पंखे द्यायचे, हा प्रकार पुरे झाला.

कायद्यात यासाठी जागा आहे. वीज अधिनियमाचे कलम ५ ग्रामीण वितरणाचे व्यवस्थापन पंचायत संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था यांच्याकडे देण्याचे राष्ट्रीय धोरण आखायला सांगते. कलम १४ च्या परंतुकाप्रमाणे अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटणाऱ्याला परवाना लागत नाही. अकोले तालुक्याचा काही भाग पाचव्या अनुसूचीत आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे, ग्रामसभेला डावलून चालणार नाही. पाट कोरडा असेल तेव्हा वीज कुठून, या अडचणीलाही उत्तर आहे. आवर्तनात तयार झालेली वीज ग्रीडला द्यायची आणि तिचे युनिट वस्तीच्या बिलात वर्षभर वळते करायचे. हेच काम घराच्या छपरावरच्या सौर पट्ट्यांसाठी आज चालते.

एका धोक्याकडे मात्र डोळेझाक करू नये. यंत्राला काठावर जागा लागते. नियंत्रण खोली, खांब, देखभालीचा रस्ता. ही जागा मोकळी करायची म्हटली की पाटकडेची घरे अतिक्रमण ठरतील. सौर प्रकल्पांसाठी गायराने भाड्याने दिली जात आहेत, तेव्हा ती कसणाऱ्या दलित-भटक्या कुटुंबांची काय धावपळ झाली ते आमच्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, पण ज्यांच्याकडे त्या काळातली दंडाची पावती नाही ते आजही उघड्यावर आहेत. म्हणून पाटकडेला राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या राहण्याचा पुरावा आताच गोळा करावा. मतदार यादीतले नाव, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टीची पावती, जे असेल ते.

आणि पुढच्या आवर्तनाची वाट न पाहता माहितीच्या अधिकारात एक अर्ज करावा. आपल्या भागातल्या कालव्यावर वीजनिर्मितीसाठी कुणाचा प्रस्ताव आला आहे काय, कुणाशी करार झाला आहे काय, आणि त्या कालव्याच्या काठावरच्या वस्त्यांची यादी खात्याकडे आहे काय, एवढे तीन प्रश्न पुरेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली तर तोही लागत नाही.